सुनेच्या नकळत डॉक्टरांना फोन करावा का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका सांगलीच्या असून बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो. सून तिथल्याच एका कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबातली आहे आणि शाळेत गणित शिकवते. तिच्या बाळंतपणासाठी पत्रलेखिका डिंकाचे लाडू, आळीव आणि बाळंतशोपा घेऊन तिकडे गेल्या. नात आता सात आठवड्यांची आहे. सिझेरियननंतर टाक्यांपाशी फार दुखते आहे असे सुनेने इस्पितळात दोनदा सांगितले, तेव्हा 'एवढे दुखतेच' असे उत्तर मिळाले. पुढे ताप चढल्यावर जखमेत जंतुसंसर्ग झाल्याचे निघाले. तेव्हापासून ती मिटल्यासारखी झाली आहे. बाळ झोपले तरी ती झोपत नाही, न्हाणीघरात नळ सोडून रडते आणि बाळाला घेऊन जिना उतरायचे टाळते. स्वतःची सहाव्या आठवड्याची तपासणी तिने रद्द केली. बाळाच्या डॉक्टरांकडे तिला दहा प्रश्नांचा एक कागद भरायला दिला, तेव्हा तिने सगळीकडे काहीच त्रास नसल्याच्या खुणा केल्या. घरी आल्यावर विचारले तर म्हणाली, "खरे लिहिले असते तर त्यांनी घरी माणसे पाठवली असती." विहीणबाईंचेही मत तेच. मनातले आईला सांग, मावशीला सांग, चर्चमध्ये सांग, पण दवाखान्यात बोलू नकोस. पत्रलेखिका विचारतात, "आपल्याकडे डॉक्टरला देव मानतात. इतकी शिकलेली मुलगी असा अविश्वास धरते, हा हट्ट नाही का? माझा मुलगाही तिथे परकाच, सावळाच, पण त्याला असा अनुभव कधी आला नाही. तिच्या नकळत आम्ही डॉक्टरांना फोन करून खरे सांगावे का? मला पाच आठवड्यांनी परत निघायचे आहे." पत्राच्या ओघात त्यांनी हेही लिहिले आहे की सांगलीच्या जाऊबाई व्हिडिओ कॉलवर 'रंग उजळेल हळूहळू' असे म्हणाल्या. सुनेला मराठी येत नाही, तरी त्यानंतर ती कॉलवर आलेली नाही.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि मग कारणे सांगते. तिच्या नकळत फोन करू नका आणि मुलालाही करू देऊ नका. याला एक अपवाद आहे, तो मात्र नीट लक्षात ठेवा. दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा न लागूनही ती विलक्षण उत्साहात असेल, कुणाचे तरी आवाज ऐकू येतात म्हणत असेल, बाळाबद्दल किंवा तुमच्याबद्दल काही विचित्र गोष्ट ठामपणे मानून चालली असेल, किंवा 'मी नसले तर सगळ्यांचे बरे होईल' अशा अर्थाचे बोलू लागली असेल, तर तिला क्षणभरही एकटी सोडू नका. बाळ विहीणबाईंकडे सोपवा आणि मुलाने तिच्यासोबत त्याच वेळी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जावे. आवाज, भ्रम आणि झोपेची गरजच न उरणे ही प्रसूतीनंतरच्या सायकोसिसची लक्षणे असतात. हजार बाळंतिणींमध्ये एक-दोघींना तो होतो आणि उपचारांनी बरा होतो, परंतु त्यात 'उद्या बघू' म्हणण्याची सोय नसते. त्या दिवशी परवानगीची वाट पाहायची नाही. तेव्हाही जे करायचे ते तिच्यासमोर आणि तिला सांगून करायचे.

तुमच्या पत्रात मला त्या खुणा दिसत नाहीत. मी तिला पाहिलेले नाही, त्यामुळे निदान करण्याचा मला अधिकार नाही. तरी बाळंतपणानंतरचे पहिल्या दोन आठवड्यांतले हळवेपण, जे बहुतेक बायकांना होते आणि आपोआप ओसरते, त्याची मुदत केव्हाच उलटली आहे. तुम्ही लिहिले आहे ते प्रसूतीनंतरचे नैराश्य आणि त्याच्याबरोबर येणारी चिंता यांच्याशी जुळते. हा आजार सात-आठ बाळंतिणींत एकीला होतो. जिन्याच्या गोष्टीवर मला थोडे थांबावेसे वाटते, कारण तिला बाळाची माया नाही असा अर्थ तुम्ही तिथे काढलेला दिसतो. जिन्यावर उभे राहिल्यावर 'बाळ माझ्या हातून पडले तर?' असा विचार नको असताना मनात घुसणे, त्याचे चित्र डोळ्यांसमोर येणे, हे नव्या आयांमध्ये फार मोठ्या प्रमाणावर घडते. त्या विचाराची तिला भीती वाटते, म्हणून ती जिना टाळते, म्हणजे बाळाला जपते. या विषयातल्या जाणकार डॉक्टरांना असा विचार आणि खरा हेतू यांतला फरक कळतो. पण सगळेच डॉक्टर या विषयातले जाणकार नसतात आणि नेमकी हीच गोष्ट चुकीच्या माणसाच्या कानावर गेली तर काय होईल, याची तुमच्या सुनेला धास्ती आहे.

आता हट्टाबद्दल. 'घरी माणसे पाठवतील' हे तिचे वाक्य तुम्हाला कल्पनेचा खेळ वाटला. मुलांच्या संरक्षणासाठी प्रत्येक राज्यात एक सरकारी खाते असते. न्यू जर्सीत त्याला 'डिव्हिजन ऑफ चाइल्ड प्रोटेक्शन अँड परमनन्सी' म्हणतात. मुलाची हेळसांड होत असल्याची तक्रार गेली की त्याची माणसे घरी येऊन चौकशी करतात आणि गरज वाटली तर न्यायालयामार्फत मूल काढूनही घेतले जाते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा आहे की वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत अमेरिकेतल्या ५३ टक्के कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत अशी चौकशी कधी ना कधी झालेली असते. गोऱ्या मुलांत हे प्रमाण २८ टक्के आहे आणि आशियाई मुलांत १० टक्के. तुमच्या मुलाला हा अनुभव नाही, त्याचे उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे. तो परका असेल, सावळा असेल, पण त्या समाजाच्या डोळ्यांत तो ज्या रकान्यात बसतो तो वेगळा आहे. तुमची नात मात्र कोणत्या रकान्यात बसेल हे तिच्या आईला पक्के ठाऊक आहे.

यावर कुणी म्हणेल की तक्रारी जास्त येतात, कारण तशी कारणेही जास्त असतील. गरिबीमुळे चौकशा वाढतात हे खरेच आहे, पण सगळा फरक तेवढ्याने भरून निघत नाही. फ्लोरिडातल्या पिनेलास काउंटीत गरोदर स्त्रियांची तपासणी करून १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमली पदार्थ घेण्याचे प्रमाण गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत जवळपास सारखेच आढळले होते. सरकारकडे नाव जाण्याची शक्यता मात्र कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत सुमारे दहापट होती. वागणे तेच आणि परिणाम वेगळा, हे एखाद्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले की आई मुलीला तेच शिकवते, जे विहीणबाई शिकवत आहेत.

इतिहास मी थोडक्यात सांगते, कारण तो बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेला असतो. आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचे पुतळे उभारले गेले त्या मॅरियन सिम्स यांनी १८४० च्या दशकात अलाबामात गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्यांचा पुतळा २०१८ मध्ये हलवला गेला. अलाबामातल्याच टस्कगीमध्ये १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस हा गुप्तरोग नुसता पाहत ठेवला, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिले नाही. १९७३ मध्ये माँटगोमेरीत चौदा आणि बारा वर्षांच्या दोन रेल्फ भगिनींची नसबंदी झाली. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्यांच्या आईने ज्या कागदावर फुली मारली, तो साध्या इंजेक्शनांसाठी आहे असे तिला वाटले होते. हे सगळे खरे आहे. तरी तुमच्या सुनेचा अविश्वास टस्कगीतून आला असे म्हणण्यात एक चूक होते असे मला वाटते, कारण मग तो जुन्या जखमेचा व्रण ठरतो आणि 'आता काळ बदलला' असे सांगून मोकळे होता येते. तिचा पुरावा सात आठवड्यांपूर्वीचा आहे. टाक्यांपाशी दुखते आहे असे तिने दोनदा सांगितले आणि दोनदा तिचे ऐकले गेले नाही. व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ मध्ये गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आणि शिकाऊ डॉक्टरांचा एक अभ्यास झाला. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते यासारख्या खोट्या समजुतींपैकी किमान एक तरी त्यांतल्या निम्म्या जणांना खरी वाटत होती आणि अशा समजुती बाळगणारे कृष्णवर्णीय रुग्णाच्या दुखण्याचा अंदाज कमी करत होते. शरीराच्या दुखण्याबद्दल सांगूनही ज्यांनी मानले नाही, त्यांना मनाचे दुखणे सांगायचे तिने टाळले. यात मला हट्ट दिसत नाही. अनुभवावरून शहाणपणाने काढलेला निष्कर्ष दिसतो.

'इतकी शिकलेली' याबद्दलही थोडे बोलायला हवे. २०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांच्या मृत्यूचे प्रमाण ५०.३ होते, गोऱ्या मातांचे १४.५. शिक्षणाने ही दरी बुजेल असे आपल्याला वाटते. परंतु २००७ ते २०१६ या काळातल्या नोंदींनुसार पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांचा गरोदरपणाशी निगडित मृत्युदर शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त होता. शेलॉन अर्व्हिंग ही अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात साथरोगतज्ज्ञ होती, आरोग्यातली विषमता हाच तिच्या अभ्यासाचा विषय होता. बाळंतपणानंतर त्रास होतो म्हणून ती पुन्हा पुन्हा दवाखान्यात गेली आणि जानेवारी २०१७ मध्ये, बाळ तीन आठवड्यांचे असताना, रक्तदाबाच्या गुंतागुंतीने गेली. तुमची सून हे आकडे कदाचित माझ्यापेक्षा जास्त जाणत असेल. तिचे शिक्षण तिच्या भीतीच्या आड येत नाही, उलट तिला माहिती पुरवते.

आणि आपल्याकडे डॉक्टरला देव मानतात, हे तरी कितपत खरे आहे? १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगमध्ये रँडच्या समितीचे सोल्जर घरोघर झडत्या घेत होते, देवघरापर्यंत शिरत होते, संशयितांना इस्पितळात आणि कुटुंबाला विलगीकरणाच्या छावणीत नेत होते. लोक काय करत होते? आजारी माणूस लपवत होते. त्यांना अडाणी म्हणावे असे तुम्हाला-मला वाटत नाही. मात्र प्लेगही खराच होता आणि लपवलेली माणसे घरात मरत होती, हीदेखील तितकीच खरी गोष्ट आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळ दवाखाना चालवला आणि रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. उपचाराची गरज आणि उपचार करणाऱ्यांबद्दलचा अविश्वास या दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अशा वेळी प्रश्न उरतो तो एवढाच की तिचा विश्वास बसेल असा दवाखाना आणि असे माणूस कुठे सापडेल.

म्हणून विहीणबाईंच्या सल्ल्याचा मान राखूनही मला तो अर्धाच पटतो. चर्च, मावशी, आई यांचा आधार मोठा आहे, तो तोडू नका. परंतु उपचार न मिळालेले नैराश्य कित्येकदा महिनोन्‌महिने टिकते, आणि बाळंतपणानंतरच्या वर्षभरातल्या मृत्यूंमध्ये आत्महत्या आणि मानसिक आजारांचा वाटा अमेरिकेत मोठा आहे. तुमची सून राहते त्याच राज्यातले उदाहरण पाहा. बाळंतिणींची नैराश्यासाठी तपासणी कायद्याने बंधनकारक करणारे न्यू जर्सी हे पहिले राज्य, साल २००६. तुमच्या सुनेच्या हाती आला तसा दहा प्रश्नांचा कागद बहुतेक ठिकाणी १९८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये तयार झालेली एडिंबरो प्रश्नावली असतो, आणि साधन म्हणून ती चांगलीच आहे. पण २००४ ते २००७ या काळात मेडिकेड या सरकारी विम्यावर असलेल्या न्यू जर्सीतल्या बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मानसिक उपचार सुरू झालेल्या गोऱ्या स्त्रिया ९ टक्के होत्या आणि कृष्णवर्णीय ४ टक्के. ज्यांचे सुरू झाले त्यांतही कृष्णवर्णीय स्त्रियांचे मध्येच सुटण्याचे प्रमाण अधिक होते. कायद्याने कागद हातात आला, विश्वास आला नाही. उत्तरे खरी यायला हवी असतील तर विचारणाऱ्याने ती उत्तरे कुठे जातात हे आधी सांगायला हवे.

आता तुम्ही ठरवत होता त्या फोनचे काय होईल ते पाहू. अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे डॉक्टर तुमचे म्हणणे ऐकून घेऊ शकतात, पण सुनेच्या परवानगीशिवाय तुम्हाला काही सांगू शकत नाहीत. ऐकलेले बहुधा नोंदीत लिहिले जाते, आणि आपल्या नोंदी, डॉक्टरांच्या टिपणांसकट, रुग्णाला आता फोनवर वाचता येतात. म्हणजे एखाद्या रात्री बाळाला पाजता पाजता ती ॲप उघडेल आणि 'सासूने कळवले' हे वाचेल. त्यानंतर तिच्या दृष्टीने दवाखाना आणि घर यांत फरक उरणार नाही.

त्याऐवजी आधी तिच्याशी बोला. तुमचे इंग्रजी पुरेसे आहे, हे तुम्ही तिच्याशी झालेले बोलणे लिहिले त्यावरून कळते. तिला नैराश्य आहे असे सांगायला जाऊ नका. तुम्ही जे पाहिले ते सांगा: तू झोपत नाहीस, नळाचा आवाज मला ऐकू येतो, इस्पितळात तुझे ऐकले नाही ते चुकीचे होते, आणि तुला न विचारता मी कुणालाही काही सांगणार नाही. हे शेवटचे वाक्य तिने आजवर कुणाकडून ऐकले नसण्याची शक्यता आहे. जिन्याबद्दल इतकेच म्हणा की असे विचार पुष्कळ आयांना येतात. मग गप्प बसा. त्या दिवशी ती काही बोलली नाही तरी चालेल.

दुसरे काम झोपेचे. रात्री सलग चार-पाच तास तिला झोप मिळेल अशी वाटणी तुम्ही आणि मुलाने करा. रात्रीचे एक पाजणे काढून ठेवलेल्या किंवा वरच्या दुधावर निभावले तर बाळाचे काही बिघडत नाही. वरच्या दुधाला नाक मुरडू नका. झोपेने नैराश्य जात नाही, पण झोपेवाचून कुणाचाही विचार सरळ चालत नाही, आणि उपचार घ्यायचे की नाही हे तिने नीट विचार करून ठरवावे अशी आपली इच्छा आहे.

तिसरे, शरीराची तपासणी राहून गेली आहे ती आधी होऊ द्या. सिझेरियन आणि जंतुसंसर्गानंतर रक्तक्षय असू शकतो, बाळंतपणानंतर थायरॉइडही बिघडते, आणि या दोन्हींमुळे मन खचल्यासारखे होते. रक्ताच्या तपासणीला जाणे तिला त्यामानाने सोपे वाटेल. ज्या इस्पितळाने तिचे ऐकले नाही तिथेच परत जायचे बंधन तिच्यावर नाही. विमा पाहून दुसरी डॉक्टर किंवा परवानाधारक सुईण निवडता येते. ही निवड तिने करावी, फोन लावून वेळ घेण्याचे काम मुलाने करावे. तपासणीला जाताना तिची इच्छा असेल तर मुलगा सोबत असावा, हातात वही असावी. तिने सांगितलेले प्रत्येक दुखणे आणि त्यावर मिळालेले उत्तर लिहून घ्यावे, आणि 'हे होतेच' असे उत्तर आले तर 'दुर्लक्ष करण्यामागचे कारण नोंदीत लिहा' असे सौम्यपणे म्हणावे. तिच्या वतीने बोलू मात्र नये.

चौथे आणि सर्वांत नाजूक म्हणजे मनाचे बोलायला कुठे जायचे. कृष्णवर्णीय थेरपिस्ट मिळावी असे तिला वाटेल आणि ते अगदी योग्य आहे, पण त्या देशात अशा मानसोपचारतज्ज्ञांची संख्या फारच कमी आहे, म्हणून शोधायला वेळ लागेल. दरम्यान 'पोस्टपार्टम सपोर्ट इंटरनॅशनल' ही संस्था नव्या आयांचे मोफत ऑनलाइन गट चालवते, त्यांत कृष्णवर्णीय मातांचा स्वतंत्र गट आहे. सरकारी मातृ-मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १-८३३-८५२-६२६२ असून ती चोवीस तास मोफत चालते, फोनवर आणि संदेशावरही. आत्महत्येचे विचार असतील तर ९८८. डूला, म्हणजे बाळंतिणीच्या सोबतीला राहणारी प्रशिक्षित बाई, बाळंतपणानंतरही ठेवता येते. ती तिच्याच समाजातली असली तर कित्येकदा डॉक्टरांपर्यंतचा पूल तीच बांधते. सून कुणाकडेही गेली तरी पहिल्या भेटीत, स्वतःबद्दल काही सांगण्याआधी, तिने विचारावे की माझी माहिती तुम्ही कोणत्या परिस्थितीत बाहेर सांगता आणि बाळाबद्दल नको ते विचार मनात येतात असे एखादीने सांगितले तर तुम्ही काय करता. जी थेरपिस्ट याचे सरळ आणि स्पष्ट उत्तर देईल तिच्याकडे थांबावे. जी गुळमुळीत बोलेल तिच्याकडून उठून यावे. न्यू जर्सीच्या कायद्यात हेळसांडीचा विचार मुलाला झालेली इजा किंवा समोर दिसणारा धोका यांवरून होतो. आईला नैराश्य आहे किंवा ती औषध घेते, एवढ्याने हेळसांड ठरत नाही, हे तिला कुणी जाणत्या माणसाने सांगावे. कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांत अंतर असते हे ती म्हणेल, आणि ते तिला नाकारू नका. औषधांबद्दल इतकेच सांगते की अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधे आहेत. सर्ट्रालिन हे त्यांतले नेहमीचे. 'औषध घेतले की दूध बंद' या समजापायी ते टाळू नये.

विहीणबाईंना या सगळ्यापासून दूर ठेवू नका. त्यांच्याशी चहा घेत बसा आणि त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणांबद्दल विचारा. त्यांच्या सल्ल्यामागे काय घडले आहे ते कळले की तुमच्या दोघींची भाषा एक होईल, आणि 'जाऊन तर बघ, मी बाहेर बसते' हे वाक्य त्यांच्या तोंडून आले तर तुमच्या-माझ्या शंभर वाक्यांपेक्षा ते जास्त काम करील.

एक गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिली आहे, ती मी सोडून देऊ शकत नाही. 'रंग उजळेल हळूहळू.' सुनेला मराठी येत नसेल, पण कुणाच्या गालाकडे, कानाच्या पाळीकडे पाहून काय बोलले जाते हे तिला जन्मापासून ठाऊक आहे. आपल्या घरांत हे वाक्य इतके सहज म्हटले जाते की त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटतही नाही, आणि पाठोपाठ डाळीच्या पिठाचे आणि सायीचे उटणे येते. जी आई दवाखान्यात कातडीमुळे कमी लेखली गेली, तिच्या सात आठवड्यांच्या लेकीची कातडी घरातही सुधारण्याजोगी ठरली. जाऊबाईंचा हेतू वाईट नसेल, तरी त्यांना फोन करून हे पुन्हा बोलायचे नाही असे स्पष्ट सांगा. आणि सुनेला सांगा की तुम्ही तसे सांगितले आहे, त्या वेळी तुम्ही गप्प बसलात ते योग्य नव्हते. तिच्या अविश्वासाच्या यादीत डॉक्टरांबरोबर आपणही आहोत का, हा प्रश्न मुलाने आणि तुम्ही एकमेकांना विचारला पाहिजे. दवाखान्याबद्दलचे बोलणे त्याच्यानंतरच सोपे होईल.

हे पत्र वाचणाऱ्या, परदेशात बाळंत झालेल्या मराठी मुलींसाठीही दोन शब्द. तुमची अडचण वेगळी असेल, पण तोच कागद तुमच्याही हाती येतो आणि 'लोक काय म्हणतील' म्हणून तुम्हीही तिथे सगळे ठीक असल्याच्या खुणा करता, हे मी अनेकींकडून ऐकते. मनाबद्दल मराठीतच बोलावेसे वाटत असेल तर अमेरिकेतल्या इस्पितळांत दुभाषी मागता येतो, बहुतेक ठिकाणी तो फोनवर मिळतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. नवऱ्याला किंवा सासूला दुभाषी करू नका, कारण काही वाक्ये त्यांच्यासमोर निघत नाहीत.

राहिला तुमच्या परतीचा प्रश्न. तिकीट पुढे ढकलायचे असेल तर आधी सुनेला एकटीला विचारा आणि ती 'नको' म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका. या पाच आठवड्यांत तिची एक शारीरिक तपासणी आणि तिने निवडलेल्या कुणाबरोबर तरी एक भेट होईल एवढे धरून चाला. तुम्ही गेल्यावर रात्रीचे पाजणे कोण बघणार, विहीणबाई कोणत्या वारी येणार आणि वर सांगितलेली तातडीची लक्षणे दिसली तर बाळ कुणाकडे द्यायचे, हे मुलाने आणि सुनेने मिळून ठरवून एका कागदावर लिहून फ्रीजला लावावे. मुलाला निदान पहिले काही आठवडे घरून काम करता येईल का, हे त्याने ऑफिसात आताच विचारून ठेवावे.